रुळाचं नाक आणि खाऱ्या माशांचं पिंप

…पिंपाचं आत्ताच लिहू नकोस गं, ते शेवटाला येतं. आधी आयली येऊ दे, मग तिचा बाप येऊ दे, मग पिंप. आणि मी बोलते तस्संच लिही, सरळ करत बसू नकोस. मी शाळेत दोन हिवाळे गेले तेवढेच, पण तू वाचून दाखवलंस की लगेच कळतं मला, कुठलं माझं आणि कुठलं तू घुसडलंस ते.

तर अठ्ठावन्न साल. इथं पार उत्तरेला आमचं राउताजोकी तेव्हा म्हणजे काय, एक स्टेशन, एक कँटीन, रूळवाल्या गँगची खोली आणि चौदा घरं. खाणीतून लोखंडाच्या दगडांनी भरलेल्या गाड्या समुद्राकडे जायच्या आणि रिकाम्या होऊन परत यायच्या. दिवसरात्र तेच. रूळ एकच, मग दोघी समोरासमोर आल्या की रिकामीनं बाजूच्या रुळावर जाऊन उभं राहायचं. भरलेलीनं थांबायचं नाही. ती एकदा थांबली की पुन्हा हलवताना इंजिनाचा जीव जायचा. आम्ही तर माणसांनासुद्धा तसंच म्हणायचो. कुणी हातात दोन बादल्या घेऊन आलं, की, सरका, भरलेली येतेय.

आता जिथं हा बाजूचा रूळ मुख्य रुळाला मिळतो, तिथं एक रूळ दुसऱ्याला छेदून जातो की नाही? चाकाला आतल्या बाजूनं ओठ असतो, त्या ओठाला जायला तिथं फट ठेवावीच लागते. आणि त्या फटीच्या पुढं रुळाचं एक टोक येतं, निमुळतं. त्याला नाक म्हणतात. चाक फटीवरून उडी मारतं आणि येऊन आदळतं ते थेट नाकावर. एका गाडीला किती चाकं, मोज तू. आणि दिवसाला किती गाड्या. त्या नाकाचं काय होत असेल मग? चेपायचं, त्याचे टवके उडायचे. भरलेली गाडी गेली की कँटीनमधल्या कपांना बशा सोडून पळावंसं वाटायचं.

हे नाक दुरुस्त करायचं काम आयलीच्या बापाचं. एवाल्ड त्याचं नाव, गँगचा मुकादम. नाक चेपलं की हा गुडघ्यावर बसायचा, वेल्डिंग करून त्यावर लोखंडाचे थर चढवायचा, मग घासून घासून आकार द्यायचा. पारा शून्याच्या खाली तीस असो की पस्तीस असो. एक गाडी जायची, हा खाली बसायचा, दुसरी यायची, हा उठायचा. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं त्या नाकानंच खाल्ली, थंडीनं काळी पडून गेली. तो म्हणायचा, बरं झालं, बूट सैल झाला. असा माणूस. आणि थर चढवूनही भागेना झालं, की पूर्ण क्रॉसिंग, म्हणजे रूळ छेदायचा तो अख्खा तुकडा, उपटायचं, शहरातून क्रेन यायची, अर्धा दिवस लाइन बंद, आणि चार माणसं आडवी निजतील एवढं लांब ते धूड फेकून द्यायचं. का, तर त्याचं नाक गेलं म्हणून. बाकी सगळं धडधाकट.

आयली हे बघत मोठी झाली. हडकुळी, लांब मानेची, बोलायला कमी. शहरात रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढणाऱ्यांच्या खोलीत कामाला लागली. साहेबलोक काढायचे, ही त्यावर पातळ कागद ठेवून गिरवायची. गिरवता गिरवता तिला कळायला लागलं, कुठली रेघ कशासाठी ते.

एकदा वसंतात ती घरी आली होती. एवाल्डची बहीण हुल्डा, कँटीन चालवणारी, ती दारात बसून भावाच्या बुटाचा तळवा काढत होती. दर वर्षी ती त्या बुटाला नवा तळवा लावायची. बूट बारा वर्षांचा, तळवा एका वर्षाचा. आयली उभ्या उभ्या बघत राहिली, कॉफी गार झाली तरी हलेना. हुल्डा म्हणाली, काय गं, बूट कधी बघितला नाहीस काय. आयली म्हणाली, "आत्या, झिजतं तेवढंच बदलायचं." हुल्डा म्हणाली, मग मी काय करतेय, पाय बदलतेय?

झालं. पोरीच्या डोक्यात घुसलं. रात्रीचा दिवस म्हणतात तसं काही नाही हां, ती आपली रोज जेवणाच्या सुट्टीत काढायची. क्रॉसिंगचं धड वेगळं, नाक वेगळं. धडात एक खाचा, वरून रुंद, खाली अरुंद. नाक वरून त्यात बसवायचं, एखादा खुंट बसवावा तसं, आणि दोन्ही बाजूंनी सहा बोल्ट आवळायचे. वरून जेवढा भार पडेल तेवढं ते जास्त घट्ट बसणार. म्हणजे भरलेली गाडी मारायला येईल आणि उलट आवळून जाईल. बोल्ट सोडले, जुनं काढलं, नवं टाकलं. क्रेन नको, चार माणसं पुरे.

लोक हसले नाहीत असं कसं होईल. कारखान्यात तिला चांभारीण म्हणायला लागले. रुळाला तळवे लावणारी. कुणी म्हणे जोडाचं लोखंड कधी टिकत नाही, अखंड ते अखंड. पण वालेनियस म्हणून एक मोठे साहेब होते, कोरडा माणूस, हसणं त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी कागद घेतला, आठ दिवस ठेवला आणि म्हणाले, एक ओतून बघू. दोन नाकं ओतली, एक धड. धड लावलं आमच्याच स्टेशनात, पानगळीच्या सुमारास, पहिलं नाक घालून.

आणि साहेबांनी अट घातली. हिवाळा संपत आला की ते पहिलं नाक झिजलेलं असेल. तेव्हा दुसरं नाक घालायचं, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, लाइन बंद न करता. आमच्याकडे सगळ्यात मोठी फट मिळायची ती पन्नास मिनिटांची. पन्नास मिनिटांत झालं तर पुढची क्रॉसिंगं अशीच. नाही झालं तर हे धडसुद्धा उपटून भंगारात, आणि पुन्हा या विषयावर कुणी कागद आणायचा नाही. आयलीनं मान डोलावली. एवाल्ड त्या हिवाळ्यात रोज त्या क्रॉसिंगवर जाऊन यायचा. नाक झिजायचं, धडाला ओरखडा नाही. घरी येऊन सांगायचा, पोरीचं धड बघून आलो. हुल्डा म्हणायची, स्वतःचं बघ आधी.

मार्च उजाडला. उजेड परत आला होता, बर्फ डोळ्यांत घुसायचा, आणि थंडी मात्र होती तिथंच, त्या दिवशी शून्याच्या खाली एकोणीस. दुसरं नाक आदल्या दिवशी मालगाडीनं आलं, लाकडी खोक्यात. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीपेक्षा थोडं जास्त, आणि वजन असं की दोघांनी उचलावं. आयली आणि साहेब सकाळच्या गाडीनं आले.

सगळं गाव जमलं. चौदा घरांतून कुणी घरात राहिलं नसेल. बायका बर्फावर पायानं रेटायच्या घसरगाड्या ढकलत आल्या, थर्मास घेऊन, कॉफीत टाकायला, आमच्याकडे टाकतात तसे, चीजचे तुकडे घेऊन. जत्राच. कारण गावात दुसरं काय घडायचं? साहेब हातात घड्याळ घेऊन उभे. नऊ चाळीसला रिकामी गेली. दहा तीसला भरलेली यायची. शेवटचा डबा क्रॉसिंगवरून गेला आणि साहेब म्हणाले, "चला."

काय काम केलं गं त्या चौघांनी. एवाल्ड आणि त्याचे तीन गडी. बोल्टांवर पाने असे फिरले की नजर ठरेना. बोल्ट निघाले, पहारीनं जुनं नाक उचललं, बाजूला बर्फात टाकलं, खाचा झाडूनं साफ. नऊ त्रेपन्न. तेरा मिनिटं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हुल्डा म्हणाली, आता घाला आणि चला, माझी भाकरी करपतेय.

नवं नाक आणलं घसरगाडीवरून, रेनडियरच्या कातड्यात गुंडाळून, पाव्हण्यासारखं. दोघांनी उचललं, खाच्यात सोडलं. ते उतरलं, उतरलं, आणि थांबलं. नखाएवढं वर. बस्स, नखाएवढं. पण नखभर वर नाक म्हणजे चाक चढून गाडी खाली. एवाल्डनं लाकूड ठेवून वर घण मारला. हलेना. काढलं, खाचा पुन्हा पुसला, बर्फाचा कण बघितला, काही नाही. पुन्हा घातलं. पुन्हा नखभर वर.

टाळ्या कुठल्या कुठं गेल्या. दहा वाजून दोन मिनिटं.

एक गडी म्हणाला, कडा जरा घासून काढू या, कानस द्या. आयली म्हणाली, घासलं तर बसेल, आणि आठवड्यात खुळखुळायला लागेल. दुसरा म्हणाला, मग खाचा तापवा, फुगेल, गॅस आहेच. ती म्हणाली, हे साधं लोखंड नाही, मँगनीज घातलेलं आहे, तापवलं की काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणजे तेही नाही. साहेबांनी वही काढली. म्हणाले, जुनं नाक परत घालायला पंधरा मिनिटं लागतील. सव्वादहाला मी जुनं घालायला लावणार. हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, तेच वाईट वाटलं.

आयली खाली बसली. तिला वाटलं, कडेला कुठं ओतकामाचा कण राहिला असेल, बोटाला लागेल. आणि तिनं हातमोजा काढला. आम्ही सगळ्या बायका एकदम पुढं सरकलो, कारण आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत, असल्या थंडीत उघडा हात लोखंडाला लावायचा नाही. चिकटतो. सोडवायचा तर कातडी तिथंच ठेवून यावं लागतं. पण तिला भान नव्हतं. तिनं पूर्ण तळहात त्या नाकावर टेकवला, आणि कडेनं फिरवला.

हात चिकटला नाही.

तिनं हाताकडे बघितलं. मग पुन्हा ठेवला. मग मान वर करून बापाकडे बघितलं, आणि एवाल्डचा चेहरा, काय सांगू तुला, बर्फासारखा पांढरा. कारण त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

असं आहे बघ, आमच्याकडे चांगलं हत्यार रात्री बाहेर ठेवत नाहीत. कुऱ्हाड असो, करवत असो, शेगडीजवळ आत घ्यायचं, नाहीतर सकाळी पातं ठिसूळ होतं, हाताला चिकटतं. ज्याची कुऱ्हाड बाहेर राहिली तो आळशी, असंच मानतात. आणि हे तर एवाल्डच्या लेकीनं केलेलं नाक. त्यानं आदल्या संध्याकाळी ते खोक्यातून काढलं, गँगच्या खोलीत शेगडीशेजारी बाकावर ठेवलं, रात्री दोनदा उठून शेगडीत लाकूड घातलं, आणि सकाळी कातड्यात गुंडाळून आणलं, की वाटेत गार होऊ नये. लोखंड ऊब लागली की फुगतं. धड बाहेर एकोणीस खाली आकसून बसलेलं, आणि नाक शेगडीपाशी झोपून गुबगुबीत झालेलं. कसं बसणार?

आयलीनं आधी साहेबांकडे बघितलं. साहेबांची वही उघडी होती ना. तिनं बापाचं नाव घेतलं असतं तर ते लिहिलं गेलं असतं. ती नुसती म्हणाली, साहेब, हे गरम आहे, गार झालं की बसेल. साहेबांनी विचारलं, गरम कसं? तेव्हा एवाल्ड पुढं आला, टोपी काढली. त्या थंडीत टोपी काढली.

"मी शेगडीपाशी ठेवलं होतं साहेब. पोरीचा दोष नाही."

आयली म्हणाली, "दोष माझाच. बोल्ट किती आवळायचे ते लिहिलं मी, नाक रात्री कुठं ठेवायचं ते नाही लिहिलं."

साहेब म्हणाले, भांडण नंतर करा, दहा वाजून चार झाले. बाहेर नुसतं ठेवून एवढ्या वेळात गार होणार नाही. ते खरं होतं. एकानं बर्फात पुरू या म्हटलं. आयली म्हणाली, बर्फ म्हणजे गोधडी, आत ऊब कोंडून राहील. काहीतरी पातळ पाहिजे, चारी बाजूंनी चिकटणारं, आणि या थंडीत न गोठलेलं. आता एकोणीस खाली असताना न गोठलेलं पाणी कुठून आणायचं?

आणि ती हुल्डाकडे बघायला लागली.

हं, आता लिही पिंप. कँटीनच्या मागं उघडी पडवी होती, तिथं हुल्डाचं खाऱ्या हेरिंग माशांचं पिंप असायचं, माझ्या छातीएवढं. इतकं मीठ की अख्ख्या हिवाळ्यात ते पाणी गोठायचं नाही, नुसतं सायीसारखं दाट व्हायचं. हुल्डाला एका क्षणात समजलं. ती म्हणाली, "नाही. माझ्या माशांत ते ग्रीसचं धूड जाणार नाही."

"आत्या, दहा मिनिटं."

"आणि गँगला ईस्टरपर्यंत काय घालू? बोल्ट?"

पण हे म्हणता म्हणता ती वळली होती, बघ. स्कर्ट दोन्ही हातांनी वर धरून पडवीकडे पळत होती, आणि पळता पळता ओरडून सांगत होती की वरचे मासे काढते, तोवर दम धरा. दोघांनी नाक उचलून घसरगाडीवर टाकलं, आयलीनं मागून अशी लाथ मारली बर्फाला की गाडी उडाली. आम्ही सगळ्या मागून. साहेबसुद्धा पळाले. घड्याळ हातात, कोट मागं उडतोय, मी कधी विसरणार नाही.

नाकाला दोरी बांधली आणि पिंपात सोडलं, टोक खाली करून. मासे दोन्ही बाजूंनी बाहेर आले. एवाल्ड हुल्डाच्या डावानं ढवळायला लागला. तो मोठा सूपाचा डाव, लाकडी दांड्याचा. आयली म्हणाली, बाबा, थांबू नका, पाणी फिरतं राहिलं पाहिजे. तो काय थांबतोय. कपाळावर घाम, आणि मिशीत त्याच घामाचा बर्फ. हुल्डा बाजूला उभी राहून मासे मोजत होती की शिव्या मोजत होती देव जाणे. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा हा कँटीनमध्ये कामाला लागला.

साहेब दर मिनिटाला वेळ सांगत होते. दहा सात. दहा नऊ. दहा अकरा. बाकी डावाचा आवाज फक्त. दहा चौदाला आयलीनं हातमोज्यातून बोट काढलं, नुसतं टोक, आणि दोरीनं वर ओढलेल्या लोखंडाला लावलं. लावलं आणि चटकन ओढलं. बोटाच्या टोकाची कातडी तिथंच राहिली. मी पोरीला इतकं हसताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"चिकटलं," ती म्हणाली. "काढा."

घसरगाडी पुन्हा उडाली. एका माशाचं शेपूट नाकाला चिकटलेलं, ते कुणी काढलंही नाही. क्रॉसिंगवर पोचलो तेव्हा सव्वादहा होऊन गेले होते. सव्वादहाला जुनं घालणार म्हणाले होते साहेब. एवाल्डनं त्यांच्याकडे बघितलं. साहेब घड्याळाकडे बघत होते, आणि घड्याळ त्यांनी कोटाच्या खिशात टाकलं. एवढंच केलं त्यांनी.

नाक खाच्यात सोडलं. उतरलं, उतरलं, जिथं थांबलं होतं तिथं आलं, आणि तिथून खाली गेलं. केसभर राहिलं. एवाल्डनं लाकूड ठेवलं, घण उचलला, पण मारला नाही. आयलीच्या हातात दिला. हडकुळी ती, घण तिच्यापेक्षा जड. एकच घाव घातला तिनं. आवाज बदलला बघ, आधी ठोकल्यासारखा यायचा, आता एका तुकड्याचा आला. गडी म्हणाले, बसलं. सहा बोल्ट. मी मनात मोजत होते, एक, दोन. पाचव्याला पाना निसटला, एवाल्डनं उचलला, सहावा आवळला. साहेबांनी पट्टी लावून बघितलं, एकदा, दोनदा. सगळे रुळाबाहेर.

दहा सत्तावीस.

मग भरलेली आली. आधी रुळात गुणगुण, मग वळणावर दिवा, मग जमीन थरथरायला लागली. आयली क्रॉसिंगपासून चार हात लांब उभी, कुणाचं ऐकेना. बापानं मागून तिचा कोट धरून ठेवला होता. इंजिन गेलं, पहिला डबा गेला. आणि आम्ही सगळे वाट बघत होतो त्या आदळण्याची, दातांत घुसायचं ना ते. आलंच नाही. टक, टक, टक. भाजी चिरताना येतो तसला आवाज. शेवटपर्यंत तसाच. कँटीनमधले कप बशांवर जागच्या जागी.

शेवटचा डबा गेला. साहेब वाकले, नाकावर चाकाची ताजी चकचकीत वाट उमटली होती, ती बघितली, ते माशाचं शेपूट बाजूला केलं. म्हणाले, "पुढची किती नाकं ओतायला सांगू?"

एवाल्डनं नाक शिंकरलं, जोरात, आणि म्हणाला थंडी फार आहे. हुल्डानं सगळ्यांना आत नेऊन हेरिंग खायला घातले. ग्रीसचा वास येत होता. ईस्टरपर्यंत येत होता. कुणी एक शब्द काढला नाही.

एवाल्ड पुढं कधी त्या नाकासाठी गुडघ्यावर बसला नाही. उरलेल्या आठ बोटांनी निवृत्त झाला. पण त्याआधी त्यानं गँगच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला, बाहेरून, एक फळी मारली, वर पत्र्याचं झाकण. नवं नाक आलं की रात्री त्या फळीवर. आत नाही. गावात आलेल्या प्रत्येक नव्या गड्याला तो स्वतः ती फळी दाखवायचा, आणि का ते सांगायचा, स्वतःची फजिती काही न वगळता.

हे आज का सांगतेय, तर गेल्या महिन्यात मी स्टेशनात गेले होते. गँगची नवी खोली झालीय, ऊबदार, जमिनीतूनच ऊब येते म्हणे. जुनी पाडली, फळीही गेली तिच्याबरोबर. आणि नवा मुकादम, दक्षिणेकडचा आहे, चांगला पोरगा, पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, नवं नाक त्यानं आत आणून ठेवलंय, खाली फडकं घालून. कौतुकानं. मी सांगायला गेले तर म्हणाला, आजी, कॉफी घेणार का.

तर हे ज्याच्या हातात पडेल त्यानं राउताजोकीला उतरलं की एवढं करावं. त्या मुकादमाला सांगावं, नाक रात्रीचं बाहेर ठेव बाबा, उत्तरेकडच्या भिंतीला. आणि मी सांगितलं म्हणू नका, माझं तो ऐकत नाही. एवाल्डनं सांगितलंय म्हणा.